मी उलटा वाचलेला क्रमांक

ही गोष्ट सांगायची म्हणून किती वेळा पेन घेतलं आणि पाणी प्यायला उठलो, ते माझं मला ठाऊक. बायकोलाही सांगितलेली नाही.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी आयुष्यभर कारकून होतो. सागाच्या ओंडक्यावरचा अर्धा पुसलेला ठसा वाचायला लोक मलाच बोलवत. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा नाद लागला. आम्ही चौघा मित्रांनी मिळून थोडं बिटकॉइन घेतलं होतं – म्हातारपणाची हौस म्हणा. व्यवहार मी केला. ते उघडण्याचे बारा शब्द – ज्याच्या हाती शब्द, त्याच्या हाती पैसे – एका कागदावर लिहून सुखदेवकडे दिले. कारण तो सरळ माणूस. विहाराच्या वर्गणीची पेटीही त्याच्याकडेच असे.

मग सुखदेवने घरावर नवा स्लॅब टाकला. पैसे जावयाने दिले होते, पण कुजबुज सुरू झाली. चंद्रपूरला जाऊन कोणाकडून तरी आपलं बिटकॉइन मोडून घेतलं असेल – असं. बाकीचे दोघे माझ्याकडे आले. तू पाहा म्हणाले.

मी कशाला नाही म्हणू? माझ्याकडे माझा नोड होता – बिटकॉइनचे सगळे व्यवहार तपासून ठेवणारा घरचा कॉम्प्युटर. त्याच्या एका डेटाबेसमध्ये फक्त न खर्चलेल्या नाण्यांच्या नोंदी राहतात. खर्च झाला की नोंद जाते. रक्कम तिथे झाकलेली असते; ती उलगडायचं मी स्वतः शिकलो होतो, आणि त्याचा मला फार गर्व होता. आमच्या व्यवहाराचा क्रमांक घातला. नोंद नव्हती.

सुखदेवला घरी बोलावून दोघांसमोर सांगितलं. तो पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "भाऊ, एकडाव अजून पाह्य ना गा. म्या हात नाई लावला त्याले."

मी काय म्हणालो? "मशीन कोनाच्या ओळखीनं नाई चालत, सुखदेव."

बारा शब्दांचा कागद त्याने टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. तो कागद आमच्यातल्या एकाच्या कपाटात अजून पडून आहे. रिकामं झालंय म्हटल्यावर उघडून कोण बघतं?

आठवड्याभराने मी माझी स्वतःची थोडी नाणी शोधायला गेलो. ती मी कधीच खर्चली नव्हती – आणि तीही सापडेनात. तेव्हा कुठे लक्षात आलं. पडद्यावर आपण वाचतो तो क्रमांक डेटाबेसमध्ये उलट साठवतात. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, शेवटची जोडी आधी. एवढी साधी गोष्ट. क्रमांक उलटवला. माझी नाणी दिसली. मग आमचा क्रमांक उलटवला – चौघांची रक्कम, पैन् पै, जागच्या जागी.

चूक कोणाचीही होते. पण ती चूक नाही मी सांगत. मी कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला बसलो, ते सांगतोय. उद्या सांगू म्हणालो. त्या उद्याच्याच दिवशी विहाराची पेटी सुखदेवकडून काढून घेतली. मी तिथे होतो. मान खाली घालून बसलो होतो – लोकांना वाटलं, मित्राची लाज वाटते याला.

मला कशाची भीती होती? माझं वाचलेलं चुकतं, एवढं लोकांना कळेल याची. बस. तेवढ्यासाठी.

सुखदेवने चौकात येणं सोडलं. पुढे लेकीकडे घुग्घुसला राहायला गेला आणि तिथेच वारला. बाकीच्या दोघांनाही आता हे वाचूनच कळेल.

तो गेल्यावर मी घुग्घुसला त्याच्या बायकोला भेटायला गेलो होतो. बसमध्ये पूर्ण वाट वाक्य जुळवत होतो. शांताबाईंनी खुर्चीवरची धूळ पदराने पुसली, चहा दिला, माझ्या गुडघ्याचं विचारलं. म्हणाल्या, तुमी आले, बरं वाटलं; दुसरं कोनी नाई आलं. मी कप धरून बसलो. गुडघ्याबद्दल सांगितलं. उठलो.

गेल्या वर्षी त्याही गेल्या. जुळवलेलं वाक्य एवढंच होतं – बाई, सुखदेवनं काईच नाई घेतलं, हे मले तवाच कळलं होतं. मले माफ करा.