सिस्टरांचं नरसाळं

“तोंड लावून पी गं. भांडं धुवायला मी हाय अजून.”

सिस्टरांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा हे ऐकलं. पुढं त्यांच्याकडे जो कुणी पाणी प्यायला त्या प्रत्येकानं ऐकलं. पेला उष्टा होऊ नये म्हणून वरून धार सोडून प्यायची सवय आपल्यात कितीतरी जणांना असते. मलाही होती. सिस्टरांना ती खपत नसे. पेला ओठांना टेकेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत. कुरियरवाल्यालाही सूट नव्हती.

इंदापूर तालुक्यात सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि बारामतीत आमच्या शेजारचा फ्लॅट घेऊन राहिल्या. एकट्याच. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्यात. हॉलमध्ये छोटी बुद्धमूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं, आणि घरात कुठंही बोट फिरवा, धूळ म्हणून सापडायची नाही. मी फिरवून पाहिलंय. आमच्याकडे आल्या की त्याही बोट फिरवायच्या, पण ते सोडा.

सांधेदुखीनं त्यांची बोटं वाकडी झाली आणि भांडी हातातून निसटायला लागली. कामाला बाई ठेवावी, तर सिस्टर तिच्या मागं उभ्या राहून “बुडाला हात फिरव, बुडाला!” करणार. कुठली बाई टिकेल? मुलगा म्हणाला, “आई, आता बास. पुण्याला चल.”

पुणं त्यांना नको होतं. “सून चांगलीय गं माझी,” त्या मला म्हणाल्या, “पर तितं मी पाव्हणी. ओट्याला हात लावू का नको, ह्याचाच इचार करत बसायचं. हितं घर माझं हाय.” शेवटी मुलानं भांडी घासायचं मशीन आणून दिलं. ते नीट चाललं तर आई बारामतीत, नाहीतर पुण्यात, असं मायलेकांत ठरलं.

सिस्टर जमेल तशी भांडी आधी नळाखाली धुवायच्या आणि मगच मशीनमध्ये लावायच्या. मुलगा फोनवर कपाळाला हात लावायचा. “अगं, मग मशीन कशाला?”

“हॉस्पिटलात हत्यारं आधी धुत्यात, मग उकळत्यात. नर्सला शिकवू नगंस.”

एवढं करूनही मशीन उघडलं की तळातून कालच्या आमटीचा वास यायचा. बसवणाऱ्यानं सांडपाण्याची नळी जमिनीलगत नेऊन सिंकच्या पाइपात खुपसली होती. सिंक जरा तुंबलं की खरकटं पाणी उलट मशीनमध्ये शिरायचं. “धुतल्या भांड्यावर उष्टं पाणी!” सिस्टर दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मुलाचा फोन आला की मात्र, “झ्याक चाललंय बघ,” असं बेधडक ठोकून द्यायच्या.

मोरगावचा एक प्लंबर आला. त्यानं नळी ओट्याच्या कडाप्प्याखाली उंच नेऊन बांधली. “आता पाणी उलटं चढायचं न्हाय, सिस्टर.” वास गेला. सिस्टरांचं समाधान झालं नाही.

“उंच बांधली, पर चिकटलेलीच हाय की. सिंक काठोकाठ तुंबलं मग?”

“मग एक तुकडा येतो, ओट्यावर बसवायचा. त्यात नळी पाण्याला टेकतच न्हाय. वरनं पाणी पडतं, मधी नुसती हवा. पर त्यो हितं मिळत न्हाय, पुण्यास्नं मागवावा लागंल.”

“पुण्याचं नाव काढू नगंस,” सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या थांबून, “मधी हवा?”

त्या उठून गॅलरीतल्या मोरीत गेल्या. तिथं कपडे धुण्याच्या मशीनसाठी कमरेइतक्या उंचीचा जाड पाइप उभा होता. दुसऱ्या दिवशी बाजारातून तेलवाल्यांकडचं असतं तसलं मोठं नरसाळं आलं आणि पाइपाच्या तोंडात बसलं. प्लंबरनं भांड्यांच्या मशीनची नळी भिंतीतून तिकडं काढली, तिचं टोक नरसाळ्याच्या वीतभर वर भिंतीला जखडलं. पहिल्याच धारेनं प्लंबर नखशिखांत भिजला. टोक खाली वळवल्यावर धार सरळ नरसाळ्यात पडू लागली. सिस्टर मोरीच्या दारात स्टूल घेऊन बसल्या आणि कौतुकानं बघत राहिल्या.

मला चेष्टा सुचली. “काय हो सिस्टर, आम्हाला तोंड लावायला लावता आणि मशीनला मात्र वरून?”

त्या हसल्या नाहीत. “आमी ल्हान होतो तवा गावच्या हिरीला हात लावायची सोय नव्हती,” त्या म्हणाल्या. “आईबरं वंजळ धरून हुबं राहायचं. कुणाच्या मनात आलं तर वरनं धार सोडायचे. निम्मं पाणी कोपरावरनं खाली जायचं. आई आधी माझी वंजळ म्होरं करायची.” नरसाळ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, “वरनं घाणीला द्यायचं. माणसाला न्हाय.”

त्यांच्या वाकड्या बोटांवर मी हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला आणि मग माझ्या शेगडीवरच्या डागांचा विषय काढला.

रविवारी मुलगा आला तो गाडीत रिकामी खोकी घालूनच. आईच्या ‘झ्याक’वर त्याचा विश्वास नव्हता, तिचं सामान भरायच्या तयारीनंच आला होता. सिस्टरांनी मटणाचा रस्सा केला, मला भाकरीला बोलावलं. जेवणं झाल्यावर सिंकच्या भोकात फडकं कोंबलं, तेलकट पाणी काठापर्यंत भरलं आणि मशीन सुरू केलं. ते थांबल्यावर मुलाला म्हणाल्या, “उघड. वास घे.”

तो पार डोकं आत घालून वास घेत राहिला. मग बाहेर येऊन म्हणाला, “राहा बाई तू हितंच.” खोकी परत गेली, पण लिंबाचं लोणचं आणि शेवग्याच्या शेंगा भरून.

त्यानंतर सिस्टर आपल्या मनासारख्या राहिल्या. मशीन रोज संध्याकाळी लावायच्या, भांडी चार का असेनात. खरकटं रात्रभर ठेवायचं नाही, हा जुना नेम.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर मुलगा स्वयंपाकघरात आला. हाताला काहीतरी काम हवं होतं त्याला. सिंक कोरडं होतं, ओटा पुसलेला. त्यानं मशीन उघडलं. आत एक ताट, दोन वाट्या, एक पातेली, लख्ख. “धुवायलासुद्धा काही ठेवलं न्हाय हिनं,” तो म्हणाला आणि वाट्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्या कुठं ठेवायच्या हे त्याला माहीत नव्हतं. मी फडताळ उघडून दाखवलं.