गिरणी चालू असताना

पोलीस ठाण्यात मी झाडलोट करायचे. साहेब लोकांकडे सांगायला पुष्कळ केसेस असतात. माझ्याकडे एकच आहे, पण ती अजून मनातून जात नाही.

बिबवेवाडीतली एक मूकबधिर बाई भरदुपारी ठाण्यात आली. तिने भिंतीला एक तळवा लावला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने तीनदा ठोकलं.

"बाई, भिंत सरकारी आहे," हवालदार म्हणाले. "खुणा समजणारं माणूस आलं की बोलावू."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. दोनदाच ठोकलं.

माझा धाकटा भाऊ बहिरा होता, त्यामुळे मला तिच्या खुणा पहिल्या दिवसापासूनच कळत होत्या. भिंतीपलीकडे माणूस आहे, दार बंद आहे, असं ती सांगत होती. नकळत माझी बोटं हलली. तिने ते पाहिलं. पण साहेबांपुढे बोलायची मला भीती. मी फरशी पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी तिने एकदाच ठोकलं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"साहेब, हिच्या शेजारी कुणाला तरी कोंडलंय. ठोके कमी होत चाललेत," मी म्हणाले.

"मावशी, तिला ऐकू येत नाही, मग ठोके कळतात कसे?"

"हाताला कळतात, साहेब."

साहेब लगेच निघाले. बाईच्या घराखाली पिठाची गिरणी होती. साहेबांनी ती बंद करायला लावली. भिंतीला कान लावला. काहीच नाही.

"अडगळीची खोली आहे, साहेब. उंदीर असतील," शेजारी म्हणाला.

बाईने गिरणी सुरू करायची खूण केली. मग साहेबांचा हात धरून भिंतीवर टेकवला. त्यांचा चेहरा उतरला. मीही हात ठेवला. गिरणीच्या थरथरीखाली एक ठोका. बऱ्याच वेळाने आणखी एक.

"उंदीर फार दमलेला दिसतोय तुमचा," साहेब शेजाऱ्याला म्हणाले.

पंचांसमोर कुलूप तोडलं. आत त्याची बहीण होती, दोन्ही पाय अधू, हातात वाटी. भावाच्या मुलीचं लग्न जमेपर्यंत ती पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, म्हणून कोंडलेली. आवाज केला की भाऊ मारायचा. त्यामुळे ती गिरणी चालू असतानाच ठोकायची.

"कुणाला ऐकू जाणार नाही, हे माहीत होतं," ती म्हणाली. "पण एक दिवस भिंतीने उलट ठोकलं."

खुणांची भाषा जाणणाऱ्या बाई आल्या, जबाबाचं चित्रीकरण झालं. पहिल्यांदा ठाण्यात आलात तेव्हा तुमच्या खुणा कुणालाच कळल्या नाहीत का, असं फिर्यादीला विचारलं.

तिने दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली: कुणालाच नाही.

तिने मला सांभाळून घेतलं. तेव्हापासून एक ठरवलं आहे. कळलं की आधी बोलायचं, घाबरायचं नंतर. तरी गिरणीवरून जाताना हात आपोआप भिंतीकडे जातो, आणि मी ते दोन दिवस मोजते.