डोणीतलं पाणी

पार्सिपनीच्या घरून निघतानाच ह्यांनी सांगितलं होतं, "मी फक्त ड्रायव्हर आहे. आत येणार नाही." बर्फात हायवेवर गाडी चालवायचं माझं धाडस नाही, म्हणून यावं लागलं, एवढं त्यांच्या पाठीकडे बघूनही कळत होतं. मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले होते. पुढे बसले असते तर मीच काहीतरी बोलले असते आणि आम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिरलो असतो.

त्या दिवशी आमच्या नातीचा बाप्तिस्मा होता.

लेक इथेच जन्मलेली, जावई अमेरिकन. त्याचे पूर्वज वेल्समधून पेनसिल्व्हेनियात स्लेटच्या खाणींवर कामाला आले. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. इथे त्यांनी एक छोटं चर्च बांधलं. पुढे त्यांच्या मूळ गावातलं चर्च ओस पडलं, तेव्हा तिथलं आठेकशे वर्षांपूर्वीचं दगडी पात्र त्यांनी बोटीनं इकडे आणवलं. बाळाच्या डोक्यावर ज्यातलं पाणी घालतात, ते पात्र. आता इथल्याही खाणी बंद पडल्या, माणसं पांगली आणि हेही चर्च कुलपात गेलं. जावयाची आजी नव्वदीची. तिचा बाप्तिस्मा त्याच पात्रापाशी झालेला. डोळे मिटायच्या आत पणतीचाही तिथेच बघायचा, एवढाच तिचा हट्ट. त्यासाठी कुणाकडून तरी किल्ली मिळवून एका दुपारपुरतं चर्च उघडणार होते.

लेकीनं फोनवर हे सांगितलं आणि ह्यांचा तोल गेला. "माझ्या नातीला बाटवताय!" लेकीला मराठी सगळं कळतं, फक्त बोलायचा कंटाळा.

"इट्स जस्ट वॉटर, बाबा."

"मग तुझ्या घरात मी पाऊल टाकणार नाही."

"देन डोन्ट."

झालं. बाप तसा आणि लेक त्याच्यावर कडी. तेव्हापासून ह्यांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. व्हिडिओ कॉल आला की बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडून बसायचे.

मला बाप्तिस्म्याचं कौतुक होतं असं नाही. पण ती पोर सातव्या महिन्यात जन्मलेली, कितीतरी दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा आम्ही दोघं लेकीकडे जाऊन राहिलो होतो. मी रोज तिची टाळू कोमट तेलानं भरायचे. टाळूवर बोट ठेवलं की खाली जीव धडधडताना लागायचा. अंघोळीचं पाणी मात्र हे बघायचे, कोपर बुडवून. माझ्या हाताला भांडी घासून घासून ऊन-गार कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या लेकराला कुणाच्या देवाचं पाणी लागतंय याची मला फिकीर नव्हती. एकुलती एक लेक आम्हाला तोडून टाकते की काय, याची होती.

चर्चसमोर गाडी थांबली. ह्यांनी इंजिन चालूच ठेवलं. मी उतरले आणि एकटीच आत गेले.

आत बाहेरच्याहून जास्त गारठा. हीटिंग कधीच बंद झालेलं, बोलताना तोंडातून वाफ येत होती. व्हीलचेअरवर आजी, लेक, जावई आणि दुसऱ्या गावाहून बोलावलेल्या पाद्रीबाई. बाळ लेकीच्या कोटात, फक्त टोपी दिसत होती. ते पात्र दाराशीच होतं. मी मनात काहीतरी संगमरवरी, नक्षीदार धरून गेले होते. ही तर गोठ्यातली, गुरांना पाणी पाजायची डोणी! ओबडधोबड, काठ झिजलेले, बाजूला एक माणसाचा चेहरा कोरलेला, त्याचं नाक गेलेलं.

आजीला मी ते बोलून दाखवलं तर ती खूश झाली. मधल्या काळात, तिकडे वेल्समध्ये, कुणीतरी ते चर्चमधून उचलून नेलं होतं म्हणे, आणि कितीतरी वर्षं गाई खरोखरच त्यातून पाणी प्यायल्या होत्या. काठावरची दोन भोकं तिनं दाखवली. पूर्वी लोक जादूटोण्यासाठी हे पाणी चोरून न्यायचे, म्हणून झाकणाला कुलूप असायचं. आमच्याकडे देव्हाऱ्यात गंगेच्या पाण्याचं सीलबंद तांब्याचं भांडं होतं, त्याची मला आठवण झाली आणि त्या बाईबद्दल जरा माया वाटली.

मग पाद्रीबाईंनी झाकण उचललं. किल्लीवाल्यानं सकाळीच बादलीनं पाणी भरून ठेवलं होतं. कडेला बर्फ धरला होता. मी बोट घातलं तर कळ थेट मनगटापर्यंत गेली.

"हे पाणी घालू नका," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकीचा चेहरा पांढरा पडला. "आई, नॉट यू टू. बाबांनी पाठवलं तुला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे दिवस बापलेकीच्या मध्ये मी दोन्हीकडून मार खाल्ला, आणि वर हे! पण भांडायची ती वेळ नव्हती. मी सांगत राहिले, टाळू अजून मऊ आहे, फुप्फुसं नाजूक आहेत. पाद्रीबाई म्हणाल्या, तीन ओंजळीच तर आहेत. जावई म्हणाला, डॉक्टरांना विचारलंय. पाणी तापवायला काही आहे का, तर नाही. वीज तोडलेली, नळ बंद. आणि पुन्हा कधीतरी करू म्हणावं तर व्हीलचेअरवरची बाई तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे 'पुन्हा' किती उरलं होतं?

"वी आर डूइंग इट," लेक म्हणाली आणि तिनं बाळाच्या टोपीची गाठ सोडायला घेतली.

"थांब. दोन मिनिटं थांब," म्हणत मी बाहेर पळाले. ह्यांचा थर्मास! हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही उकळतं पाणी बरोबर घेतो.

काच चार बोटं खाली आली. मी काय झालं ते सांगितलं. ते समोर बघत होते.

"माझ्या हातून या कामाला पाणी जाणार नाही."

"बरं," मी म्हणाले. "मग गारच घालतील."

मी तिथून हलले नाही. पाया पडावं की थर्मास हिसकून घ्यावा ते कळेना. डोक्यावर बर्फ पडत होता. वायपर दोनदा फिरला.

"किती गार आहे?"

"कडेला बर्फ धरलाय."

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि थर्मास काखेत मारून उतरले. मी हात पुढे केला. "तुला अंदाज नाही. पोळवशील तिला," म्हणाले.

चर्चच्या पायरीवर थांबून त्यांनी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या मोज्यांवर त्या दगडी फरशीवरून आत गेले. लेकीकडे पाहिलं नाही, जावयाकडे नाही. डोणीत थोडं गरम पाणी ओतलं, कोटाची आणि स्वेटरची बाही वर सारली आणि कोपर बुडवलं. मान हलवली. आणखी ओतलं, हातानं ढवळलं, पुन्हा कोपर. पाद्रीबाई पुस्तक मिटून उभ्या होत्या. वाफ वर येत होती.

"गाईंनी तोंडं घातली यात," आजी म्हणाली. "पण कोपर घालणारा हा पहिलाच."

ह्यांनी आणखी एकदा कोपर बुडवलं.

"आता घाला," म्हणाले आणि तोंड फिरवून दाराकडे बघत उभे राहिले. गेले मात्र नाहीत.

टोपी निघाली. पहिली ओंजळ टाळूवर पडली. बाळानं ओठ दुमडले, भुवया वर केल्या आणि जांभई दिली.

"रडली का?" ह्यांनी वळून न बघता विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"लगेच पुसा म्हणावं."

शेवटी पाद्रीबाईंनी तळाचं बूच काढलं. ते पाणी गटारात सोडत नाहीत. कुणाचा पाय पडू नये म्हणून खालच्या मातीतच जिरवतात, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनी ते ऐकलं आणि नुसतं "हं" केलं. त्यांच्या 'हं'चे मी तीस वर्षांत बरेच अर्थ शिकले आहे. हा बरा होता.

बुटांत तोवर बर्फ साचला होता. लेकीनं बाळ माझ्याकडे दिलं. पायरीवर जाऊन तिनं बूट झटकले, खांद्यावरच्या बाळाच्या टॉवेलनं आतून पुसले आणि ते घेऊन आत येऊन बापासमोर खाली बसली.

"राहू दे. मी घालतो," हे म्हणाले.

"बाबा, पाय वर कर," ती मराठीत म्हणाली.

एका हातानं डोणीचा काठ धरून ह्यांनी पाय उचलला. लेकीनं आधी ओला मोजा ओढून काढला. मग ते पाऊल दोन्ही तळव्यांत धरून, किती गार पडलंय ते बघत, तशीच बसून राहिली.