गिअरबॉक्समधलं करडईचं तेल

तुमचे इथले अनुभव मी रोज दुपारी वाचते, आणि खरं सांगू का, निम्म्यांना हसते. पिंपळाखाली कोण दिसलं, पैंजण कुणाचे वाजले... आम्ही जन्मभर अंधारात पिकाला पाणी दिलं, मला कधी कुणी भेटलं नाही. तेव्हा ही भुताची गोष्ट समजू नका. गाडीच्या तेलाची आहे. शाळेत गेले नाही, मुलांच्या पाट्यांवरून लिहायला शिकले, म्हणून चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सन पन्नासच्या पुढची गोष्ट. चाकणला कंपन्या नव्हत्या, कांदा-बटाटा होता. आमचं घर चाकणच्या बाहेर, मोशीकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरात मी, आमचे हे आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांनी लिलावातून लढाईच्या आधीची एक मोटार घेतली होती. चाकण ते पुणं शिटा मारायचे, म्हणजे भाड्याने माणसं न्यायचे; थोडी शेती आणि त्यावरच घर चालायचं.

गाडी म्हातारी. उभी राहील तिथं खाली काळा डाग. गिअरबॉक्समधून फिरता दांडा जिथून बाहेर निघतो, तिथून तेल गळायचं. तेल संपलं की आतले दाते एकमेकांना खातात आणि गाडी जागच्या जागी अडकते. नवं सील पुण्यात मिळेना, मिळालं तर परवडेना. मग आपली रीत — चामडं. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोट पडूनच होती. ह्यांनी तिच्या कातड्याचा गोल वायसर कापला. असा वायसर तेलात चांगला मुरवला की मऊ होतो, दांड्याला घट्ट धरतो, थेंब सोडत नाही. पितळी वाटीत करडईचं तेल घेतलं, वायसर बुडवला, वर फडकं बांधून मला म्हणाले, हात लावू नकोस.

मी नाही लावला. आत्याबाईंनी लावला! त्यांनी जन्मभर मोट सांभाळलेली. मोट वाळली की तडकते, म्हणून ती भिजती ठेवायची, हेच त्यांना ठाऊक. खायचं तेल कशाला नासायचं म्हणून त्यांनी ते ओतून काढलं आणि वाटीत पाणी भरलं. वायसर फुगून वाकडातिकडा झाला.

"आई, ही मोट न्हाई, मोटार हाय," हे म्हणाले.

"चामडं ते चामडं. पाण्याबिगर जगतंय व्हय?"

झालं. ह्यांनी वायसर दगडाखाली दाबून वाळवला, पुन्हा तेलात टाकला आणि वर फडकं बांधलं. गाडीतलं जुनं सील तर फाटकं म्हणून फेकलंच होतं. तोवर दांड्याला नुसती सुतळी गुंडाळून ठेवली. गाडी काढायचीच नाही, असं ठरलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताच्या, माझ्या नणंदेच्या, कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. सुईणीने पोट चाचपलं, बाहेर येऊन हात धुतले आणि म्हणाली, "पोर आडवं हाय. ह्ये माझ्या हातचं न्हाई. पुण्याला न्या, न्हाईतर दोघंबी जातील."

बैलगाडीत तिने दम धरला नसता. ह्यांनी डब्यात गाडीचं होतं तेवढं सगळं तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं. ते माझ्यादेखत ओतलं... काळं, काकवीसारखं. आत्याबाई घरीच थांबल्या. मी मागे शेवंताचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

थोडं पुढे जाऊन मागे वळून पाहिलं, तर रस्त्यावर तेलाची काळी रेघ आमच्या मागे मागे येत होती. पुढे ती बारीक झाली. मग दिसेनाशी झाली, म्हणजे सगळं तेल गेलं. खालून दाते ओरडायला लागले, जात्यात खडे भरडावेत तसे. हे नुसते हळूहळू हाकत होते. मोशीच्या अलीकडे आवाज इतका वाढला की मी शेवंताचे कान झाकले.

आणि तो थांबला. गाडी नव्हे, आवाज. गाडी चालूच होती, सुतासारखी सरळ.

नदी ओलांडून ह्यांनी गाडी उभी केली, खाली शिरले, बूच काढून आत बोट घातलं. तसेच माझ्याकडे आले आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. पिवळं तेल. करडईचा वास. गिअरबॉक्स काठोकाठ भरला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवंता कण्हली, तसे हे पुन्हा गाडी हाकायला बसले.

पुण्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. शेवंता वाचली.

संध्याकाळी घरी आलो. आत्याबाईंना बातमी दिली आणि मी सरळ वाटीकडे गेले. फडकं होतं तसंच बांधलेलं, गाठ ह्यांनीच मारलेली. सोडलं तर वाटी कोरडी, वायसर तळाला चिकटलेला. आत्याबाईंकडे पाहिलं, तर त्यांनी देवाची शपथ घेतली, आपण तिकडे फिरकलोसुद्धा नाही. बरं, वाटीत तेल ते किती? त्याने गिअरबॉक्सचा तळसुद्धा भिजला नसता.

त्याच रात्री गाडीखाली पुन्हा डाग पडला. पिवळा. पुढे वाटीत पुन्हा तेल घालून वायसर मुरवला, बसवला, आणि त्या गाडीने नंतर कधी थेंब सांडला नाही. त्यात नवल काही नाही, तुमची जुनी गाडी असेल तर तुम्हीही करून बघा.

त्या दिवसाबद्दल हे मला एवढंच म्हणाले, "गावात बोलू नगंस. उद्या गाडीत कोण बसंल?" म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. आता गाडी नाही, हेही नाहीत.

शेवंताला मात्र मागे एकदा विचारलं, तुला काय आठवतंय? ती म्हणाली, "वैनी, आवाज एकदम बंद झाला ना, तवा मला वाटलं गाडी मेली. आता आपुनबी मेलो. म्हणून मी डोळं मिटलं. मग खाली बघते तर नदी मागं चालली होती."