भोवरसिंगला मुकुट नव्हता

तापीच्या तळाशी असलेल्या एका राज्यावर मी एकदा राज्य केलं आहे, सकाळच्या चहापासून म्हशी येईपर्यंत.

राज्य खरं तर माझ्या थोरल्या बहिणीचं. ताई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. आता निवृत्त आहे आणि आमच्याकडे वरच्या खोलीत राहते. शाळेत तिने जन्मभर मुलींकडून कमळं आणि मोर काढून घेतले, आणि घरी आल्यावर स्वतःसाठी भोवरसिंग काढला. भोवरसिंग हा तिच्या चित्रकथेतला राजा. तापीच्या डोहाखाली त्याची नगरी. तिथे कासवांची कचेरी, मगरीची चौकी, आणि सिंहासनावर हा बसलेला, ओले केस कपाळावर, भुवया आक्रसलेल्या. स्वभाव म्हणाल तर आमच्या बुऱ्हाणपूरचा मे महिना. बुडणाऱ्याला वाचवायचा, पण वर आणता आणता दोन शिव्या हासडायचा. नदीत कुणी कचरा टाकला की त्या माणसाची घाटावर काढून ठेवलेली चप्पल उचलून न्यायचा. एकच. दुसरी जागच्या जागी ठेवायचा.

"एकच का गं?" मी तिला विचारलं होतं.

"दोन नेतो तो चोर," ताई म्हणाली. "एक नेतो तो राजा."

चप्पल परत मिळायची, नाही असं नाही. टाकलेलं स्वतःच्या हाताने पाण्यातून काढून आणायचं, मग चप्पल पायरीवर हजर. उपदेश नाही, भाषण नाही. ताईच्या पेटीत अशा चित्रकथांच्या वह्यांची चळत आहे आणि माझ्याशिवाय त्या कुणीच वाचलेल्या नव्हत्या. एका पानावर तर तिने नुसती चप्पल काढली आहे. ओली, एकटी, घाटाच्या पायरीवर पडलेली. ते पान पाहून मला भरून आलं होतं. (मी चपलेने भरून येणारा माणूस नाही. माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. जूनमध्ये आयांची भांडणं सोडवून सोडवून काळीज दगड झालंय.) ताईसारखा हात आणि ताईसारखं डोकं आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला मिळालं नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

म्हणून गणपती मंडळाने यंदा पडद्यावर घरगुती सिनेमा दाखवायचं ठरवलं तेव्हा मीच पुढे झालो. भोवरसिंगचा सिनेमा करायचा. लेखक मी, दिग्दर्शक मी, आणि भोवरसिंगही मीच. कॅमेरा आमच्या सौ. सुनंदाच्या फोनचा, कारण रांगोळी काढून काढून तिचा हात हलत नाही.

मंडळाचे अध्यक्ष सुधाकरशेठ केळीचे व्यापारी. त्यांनी गोष्ट ऐकली आणि मान हलवली.

"कहानी चांगली आहे भाऊ, पण राजा चपलाचोर? लहान मुलं बघतात. नायक कसा पाहिजे, एकदम आदर्श. त्याले सुधरवून आणा, मग पडदा तुमचा."

मी लगेच हो म्हणालो. (मला हो फार पटकन येतं.) आणि त्या रात्रीच भोवरसिंगला सुधारायला बसलो. त्याला एक राणी दिली. चपला उचलणं काढून टाकलं. शेवटी तो पाण्यातून वर येतो, हात जोडतो आणि स्वच्छतेवर चार गोड शब्द बोलतो. शिवाय त्याला मुकुट दिला. थर्माकोलचा, वर सोनेरी कागद, मध्ये सुनंदाच्या जुन्या हारातला लाल खडा.

ताईने माझी पानं शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला. पुसला.

"हा कोण आहे?"

"भोवरसिंग."

"नाही. हा तू आहेस. लग्नात पाहुण्यांना जेवायला बसवतोस तेव्हाचा तू."

"अगं ताई, सिनेमा वेगळा, वही वेगळी. लोकांना चांगला माणूस लागतो."

"भोवरसिंग वाईट नाहीच रे. तो रागावलेला आहे. त्याच्या घरात रोज कुणीतरी कचरा टाकतं, तो काय हात जोडेल? आणि त्याला मुकुट नाही. मुकुट घालून पाण्यात कोण पोहतं?"

मी समजूत घालायला गेलो तर ती उठली. "राजा बदलणार असेल तर सिनेमा नको. माझा राजा माझ्या पेटीत बरा आहे." एवढं बोलून ती जिना चढून गेली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. ज्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी केली, ती गोष्ट मी मंडळाच्या मापाने शिवायला घेतली होती.

शेवटी सुनंदाने तह घडवून आणला. शूटिंग करायचं, माझ्या मनासारखं करायचं, पण पडद्यावर काय जाईल ते ताई ठरवणार. मी म्हटलं, एकदा माझा अभिनय पाहिला की ती विरघळेल.

पावसाआधीचा रविवार धरला. नदीचं पाणी तेव्हा शांत असतं. पोशाख मी स्वतः डिझाइन केला होता. एका ओळखीच्या मळ्यातून केळीची सोपटं आणली, खोडाच्या त्या लांब लांब पट्ट्या, आणि कमरेभोवती, छातीवर, खांद्यावर सुतळीने बांधली. वर कोवळी पानं. आत फक्त पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कारण राजाला आत काय आहे हे कोण विचारतं? तोंडाला हिरवा रंग, डोक्यावर मुकुट. आरशात पाहिलं तर जलराज वाटत होतो. सुनंदाला सत्यनारायणाचा चौरंग वाटला, असं ती म्हणाली.

घाटावर ताई पायरीवर छत्री उघडून बसली. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. सुनंदा म्हणाली, "हं, बोला." मी हात जोडले. "हे नगरजनहो," मी सुरुवात केली, "नदी ही आपली माता आहे."

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. मला पदर नव्हता. मी वळून पाहिलं तर एक म्हैस माझ्या कमरेचं सोपट अगदी निवांत चघळत होती.

पलीकडच्या काठावरच्या जैनाबादकडून म्हशी पाण्यात उतरतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हशींना केळीचं सोपट चाऱ्याला घालतात हेही आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. या दोन गोष्टी एकत्र करण्याएवढं डोकं त्या दिवशी मुकुटाखाली दबलं होतं.

"हट!" मी म्हणालो. म्हैस हटली नाही. उलट तिने मैत्रिणींना बोलावलं असावं, कारण दुसरीने डाव्या खांद्यावरून सुरुवात केली आणि तिसरी समोरून आली.

"ओ बाई!" मी म्हशीवालीला ओरडलो. ती पलीकडे खडकावर लुगडं पिळत होती. "तुमच्या म्हशी आवरा, मला खाऊन राहिल्या!"

"तुमाले नाही खात राजासाहेब, चारा खाऊन राहिल्या," ती शांतपणे म्हणाली. "तिले काय समजते राजा? सोडून द्या थोडं, पोट भरलं का जाईन."

"सुनंदा, कॅमेरा बंद कर!"

"अहो, तोंड जरा इकडे करा ना. उजेड छान आलाय."

घाटावर एव्हाना गर्दी जमली होती. धुणी थांबली, आंघोळी थांबल्या. कुणी म्हणालं, "रामलीला आहे का?" दुसरा म्हणाला, "नाही यार, केळीवाल्यांची जाहिरात आहे." राजवस्त्रं एकेक करून तीन जबड्यांत चालली होती, सुतळीसकट. शेवटी पाण्याखाली माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी उरली आणि पाण्यावर मी. आता बाहेर येता येईना. मी गळ्यापर्यंत बुडून बसलो. डोकं वर, मुकुट त्याच्या वर. पाण्याखालच्या राज्याचा खरा कैदी म्हणजे मीच.

बरोबर त्या वेळी घाटावर सुधाकरशेठ आले. घरी पूजा झाली असावी, हातात निर्माल्याची गच्च भरलेली प्लास्टिकची पिशवी. लोक कशाला हसतायत याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी नवीकोरी कोल्हापुरी पायरीवर काढली, डोळे मिटले, नदीला नमस्कार केला आणि पिशवी भिरकावली.

ती माझ्या मुकुटावर बसली. मुकुट भुवयांखाली उतरला, पिशवी फुटली, आणि झेंडू, विड्याची पानं, प्रसादाचं केळं आणि उदबत्तीचा रिकामा पुडा हे सगळं माझ्या तोंडावरून ओघळलं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण फोनमध्ये सगळं आहे. मी मुकुट डोक्यावरून उपटतो आणि नदीत लांब फेकतो. ओले केस कपाळावर. हिरवा रंग गळतोय. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कानावर झेंडू, आणि मी पाणी कापत घाटाकडे निघालोय. ज्या घाटावर आयुष्यभर सगळ्यांशी गोड बोललो, त्या घाटावर मी दोन शिव्या हासडतो. सुधाकरशेठ मागे सरकत "अरे भाऊ, अरे भाऊ, तुम्ही?" म्हणतायत. मी त्यांच्याकडे बघतो, पायरीवर बघतो, वाकतो आणि त्यांची एक कोल्हापुरी उचलतो. एकच. दुसरीला हात लावत नाही. आणि वळून परत पाण्यात जाऊन बसतो.

घाट चिडीचूप झाला. म्हशीसुद्धा चघळायच्या थांबल्या, असं सुनंदा अजून सांगते.

ताई छत्री टाकून उभी राहिली होती. डोळ्यांत पाणी. "हाच," ती म्हणाली. "हाच माझा भोवरसिंग. सुनंदा, आलं का सगळं?"

"सगळं आलं ताई."

सुधाकरशेठ एका पायात चप्पल घालून घरी गेले. संध्याकाळी घरी आले ते मात्र दुसरीच जोडी घालून. ताईने त्यांना चहा दिला आणि फोन पुढे केला. त्यांनी पाहिलं, गोरेमोरे झाले.

"मॅडम, एवढा भाग काढून टाका. मी अध्यक्ष आहे, लोक काय बोलतील?"

"पिशवी तुमचीच ना?"

"ते तर ठीक आहे, पण पडदा मंडळाचा आहे. असं नाही चालत."

"मग नका दाखवू," ताई म्हणाली. "राजा पेटीत राहील. पण चप्पल मिळायची नाही. नियम त्याचा आहे, माझा नाही." आणि तिने पेटीतली वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

सुधाकरशेठ वाचत बसले. मला वाटलं दोन पानं उलटून उठतील. ते शेवटपर्यंत बसले. त्या एकट्या चपलेच्या पानावर थांबले, बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे काढून राहिल्या इतकी वर्षं, आणि आम्हाला पताच नाही?" ताईच्या भोवरसिंगला मिळालेला तो माझ्यानंतरचा पहिला वाचक. ताईने त्यांना आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष धोतर खोचून तापीत उतरले. फाटकी पिशवी काठालाच अडकली होती, ती काढली. फुलं वेचली. उदबत्तीचा पुडाही शोधला. सुनंदाचा फोन चालूच होता. वर आले तर पायरीवर कोल्हापुरी, ओली. त्यांनी ती पायात घातली आणि इतके निरागस हसले की सिनेमाला दुसरा शेवट लागलाच नाही.

गणपतीत पडद्यावर तो सिनेमा लागला. आधी पडद्यावर पानभर वाचता येईल इतका वेळ ताईचं नाव आलं, मी मुद्दाम तसं करायला सांगितलं होतं. मी म्हशीच्या तोंडी सापडलो तेव्हा मांडव हसून आडवा झाला. मी चप्पल उचलली तेव्हा टाळ्या. सुधाकरशेठ वाकून पिशवी काढतात तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या, आणि ते पहिल्या रांगेत उठून नमस्कार करत होते. ताईभोवती तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी कडं केलं होतं. मोर आणि कमळं काढणाऱ्या त्या मुली आता आया झालेल्या, आणि तिला म्हणत होत्या, "मॅडम, हा राजा आम्हाला का नाही शिकवला?" ताई लाजलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. माझी छाती अशी फुगली की सोपटं असती तर तुटली असती.

त्या तोऱ्यातच मी मांडवाबाहेर आलो आणि चपला शोधू लागलो. डावी होती. उजवी नव्हती.

"ताई," मी म्हणालो, "कुणीतरी माझी चप्पल नेली."

"एक का दोन?"

"एक."

"मग चोर नव्हे," ताई म्हणाली आणि पदराखाली काहीतरी नीट झाकून घेतलं. "सगळ्या गावाने पडद्यावर पाहिलं. थर्माकोलचा मुकुट नदीत कुणी फेकला?"

"अगं, तो आता कुठे मिळायचा? पूर येऊन गेला, एव्हाना खाली भुसावळजवळ हतनूरच्या धरणात गेला असेल!"

"असेल," ताई म्हणाली. "भुसावळकडे सकाळी बस असते."

मी दोनदा जाऊन आलो. धरण फार मोठं आहे. सध्या दुकानात गिऱ्हाइकांनी माझ्या पायांकडे पाहिलं की मी त्यांना सांगतो, की मी राजा होतो तेव्हा दोन्ही चपला होत्या, ही प्रजा झाल्यानंतरची अवस्था आहे.