पांढरी ओळ, करडी ओळ

डोळे अर्धे मिटायचे, मान मागे न्यायची आणि कॉम्प्युटरकडे पेंगुळल्या गाईसारखं पाहत बसायचं, ही त्याची सवय. मालकाला वाटायचं, गडी झोपला.

"झोपलो नाई जी. ओळीवरून नजर सरळ चालते का, ते पाहून राह्यलो."

वर्ध्याच्या त्या प्रेसमध्ये मी छपाईच्या मशीनवर, तो कॉम्प्युटरच्या पेजमेकरवर पानं लावायला. मी चौथी शिकलेला. त्याच्या कामातलं मला एवढंच कळायचं, की तक्ता आला की तो एका ओळीआड करडी पट्टी आखायचा आणि ती अक्षरांच्या मागे ढकलायचा. कधी पट्टी पुढेच राहायची आणि अक्षरं गडप.

"कुठं गेली बे अक्षरं?"

"मागं बसली आहेत, काकाजी. बोलावतो."

माझ्या मशीनवर शाई जरा जास्त सुटली की हा धावत यायचा. "काकाजी, मी सावली देली, तुम्ही डांबर टाकलं!"

"सावली पाह्यजे तर लिंबाखाली जाऊन बस, बह्याडा."

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. डबा उघडून समोर ठेवतो आणि जेवायचं विसरतो.

त्या सुमारास माझ्या बायकोला साखर निघाली, मागून बीपी. दवाखान्यातून पिशवीभर गोळ्या आल्या. तिला वाचता येत नव्हतं, माझ्या ध्यानात राहत नव्हतं. त्यानं तक्ता करून दिला. प्रत्येक गोळीचं चित्र, पुढे अक्षरात वेळ. ओळीआड करडी पट्टी होतीच. मी तो पवनारला घरी नेऊन भिंतीला लावला.

थोड्याच दिवसांत ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या भलत्याच वेळी घेतल्या. वाचली, पण थोडक्यात. हे ऐकून तो सायकल हाणत घरी आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"काकू, तक्ता कसा वाचला तुम्ही?"

"सोपा तर आहे. पांढऱ्या ओळीतल्या दिवसा, काळ्या ओळीतल्या रातच्याले."

"काळी म्हणजे रात?"

"मंग काय राह्यते बाप्पा काळं?"

त्यानं उठून तक्त्यातल्या करड्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मले वाटे पट्टी मुकी असते. थे तर बोलते."

पुढचा तक्ता त्यानं तिच्या मनासारखा केला. एक पांढरी ओळ म्हणजे दिवस, खालची करडी म्हणजे त्याच दिवसाची रात्र. ज्या वेळेच्या गोळ्या त्याच ओळीत. गोळी गिळली की ती त्या ओळीवर कुंकवाचं बोट टेकवायची. कागद भरला की हा नवा घेऊन हजर. त्याच्या बोरगाव मेघेहून आमचं पवनार, तेही सायकलवर, पण चहापेक्षा जास्त कधी घेतलं नाही. वर तिची बोलणी खायचा.

"रात लय काळी करतं रे तू. भेव लागते. जराशी फिकी कर."

"फिकी केली का छपाईत पट्टीचे ठिपके ठिपके पडते, काकू. पाहतो पुढच्या खेपेले."

त्या ओळींवरून ती कितीतरी वर्षं चालली. हे मी दवाखान्यातल्या कोणालाही तोंडावर सांगेन.

एका हिवाळ्यात सकाळी ती गेली. त्याच दिवशी त्याची खेप होती. दारातल्या चपला पाहून तो फाटकाशीच थांबला. हातात गुंडाळी.

मी म्हटलं, "आणलं ना? दाखव."

त्यानं उलगडून दाखवली. ठिपका नव्हता कुठे. रात्रीच्या ओळी फिक्या, धाम नदीवर सकाळी धुकं तरंगतं, तशा.

"जमली, काकाजी," एवढंच बोलला. सायकल ढकलत सगळ्यांच्या मागून नदीपर्यंत आला. आटोपल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर नव्हता. पुढे प्रेस बंद पडली. तो नागपूरला गेला म्हणतात.

तो शेवटचा तक्ता भिंतीवर आहे. कागद पिवळा पडला, माझी नजर अधू झाली. त्यात दिवस कुठला आणि रात्र कुठली, आता मला ओळखू येत नाही.