आगीच्या घोड्याचं वर्ष
ऑफिसात जपानी सप्लायरचं यंदाचं, दोन हजार सव्वीसचं कॅलेंडर आलं, त्यावर उधळलेला लाल घोडा, आणि मला एकदम दुबईत करामातल्या जुन्या फ्लॅटमधलं माझं डोहाळजेवण आठवलं. एसी चालू असूनही मोगऱ्याचा आणि तळणाचा वास खोलीत कोंडला होता. पुण्याहून आलेल्या सासूबाई सगळ्यांसमोर मला बजावत होत्या, “सिझेरियनच आहे ना, मग डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला सांग. मूळ नक्षत्रावर मुलगी झाली, तर सासरे असलेल्या घरात तिला कोण करून घेईल?” शेजारी माझी जपानी मॅनेजर पुरणपोळी खात होती. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं, तर मी हसत हसत इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. “आमच्याकडे साठ वर्षांनी आगीच्या घोड्याचं वर्ष येतं,” ती म्हणाली, “त्या वर्षीची मुलगी नवऱ्याला खाते म्हणतात. मी एकोणीसशे सहासष्टची. तेव्हा कितीतरी जणांनी मूल होऊच दिलं नाही. आईनं मला ठेवलं. मावशीलाही दिवस गेले होते, तिनं नाही ठेवलं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ती दोन बाहुल्या आणायची.” हे मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांच्या हातात ओटीचा नारळ तसाच राहिला. त्यांनी विचारलं, “आणि दुसरी बाहुली?” मी मॅनेजरला विचारलं. “ती मावशी परत घेऊन जायची.” तारीख आम्ही बदलली नाही. मुळावर जन्मलेली माझी लेक आता उंचीत मला गाठतेय, पण ते कॅलेंडर भिंतीवर लावायला माझा हात काही धजावला नाही.